नळदुर्गच्या वाटेने आलेली पोलीस कारवाई

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय सैन्याने सोलापूरकडून हैदराबाद संस्थानची हद्द ओलांडली आणि पहिली महत्त्वाची चकमक नळदुर्गला झाली. रणगाडे, तोफा आणि विमाने घेऊन निघालेल्या या मोहिमेला लष्करी कागदपत्रांत ‘ऑपरेशन पोलो’ म्हटले गेले, जाहीरपणे मात्र तिला ‘पोलीस कारवाई’ म्हटले गेले. मराठवाड्यातली जुनी माणसे आजही काळ मोजताना ‘पोलीस ॲक्शनच्या आधी’ आणि ‘ॲक्शननंतर’ असेच बोलतात. बलाढ्य सत्तेने दुसऱ्या राज्यात शिरून सुव्यवस्था लावावी की नाही, हा वाद एरवी अमेरिका, कोरिया, व्हिएतनाम किंवा इराकच्या संदर्भात होतो. नळदुर्गने तो स्वतःच्या अंगणात दोनदा अनुभवला. १८५३ साली ही भूमिका इंग्रजांनी घेतली आणि १९४८ साली स्वतंत्र भारताने. दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले म्हणजे या वादातले खरे मुद्दे स्पष्ट होतात.

नळदुर्ग हे गाव सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, सोलापूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. बोरी नदीच्या वळणात उभा असलेला भुईकोट किल्ला ही त्याची ओळख. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरीवर बंधारा घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला. पावसाळ्यात पाणी बंधाऱ्यावरून नर आणि मादी या दोन धबधब्यांनी कोसळते, आणि आत महालात उभ्या माणसाच्या अंगावर थेंबही पडत नाही. बंधाऱ्यापलीकडे रणमंडळाचा जोडकिल्ला आणि अलीकडे साऱ्या मुलखावर नजर ठेवणारा उपळी बुरूज. विजापूर, गुलबर्गा आणि बिदरकडे जाणाऱ्या वाटा या टापूतून जात असल्याने हा किल्ला ज्याच्या हाती, त्याच्या हाती वाट. आदिलशाही संपल्यावर तो मोगलांकडे आणि पुढे हैदराबादच्या निजामाकडे गेला.

निजामाच्या राज्यात इंग्रजांचा शिरकाव झाला तो संरक्षणाच्या नावाने. १७९८ आणि १८०० च्या तहांनी हैदराबादेत तैनाती फौज आली. तिच्या खर्चापोटी निजामाने म्हैसूरच्या वाटणीत मिळालेला बेल्लारी-कडप्याचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकला. तहाप्रमाणे युद्धाच्या प्रसंगी निजामाने आपली काही फौज कंपनीच्या मदतीला द्यायची होती. प्रत्यक्षात कंपनीचा हैदराबादेतला प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, हेन्री रसेल याच्या काळापासून इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची एक वेगळी फौज शांततेच्या काळातही कायम पोसली जाऊ लागली. हीच हैदराबाद कंटिन्जंट. तिचा पगार निजामाच्या खजिन्यातून जायचा आणि हुकूम रेसिडेन्सीतून सुटायचा. बंडखोर जमीनदारांना वठणीवर आणणे, दरोडेखोरांचा बंदोबस्त करणे, गढ्या पाडणे ही कामे ती करी. ती कामे निरुपयोगी होती असे कोणी म्हणणार नाही. पण खजिना रिकामा होत गेला, पगार थकले, कंपनीने उसने पैसे दिले आणि त्या उसनवारीचेच कर्ज झाले.

मे १८५३ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने या कर्जाचा निकाल लावला. रेसिडेंट कर्नल लो याने नासिरुद्दौला निजामाकडून तहावर सही घेतली. या तहाने कंटिन्जंटच्या कायम खर्चासाठी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव म्हणजे नळदुर्गकडचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ आणि तोफखान्याच्या चार तुकड्या एवढी ही फौज ठरली. मुलूख नावाला निजामाचा राहिला, सारा मात्र इंग्रज वसूल करू लागले.

नळदुर्गला डेप्युटी कमिशनर म्हणून आला फिलिप मेडोज टेलर. ठगांवरच्या कादंबरीमुळे तो इंग्लंडात आधीच नावाजला होता. तो तरुण वयापासून दख्खनमध्ये राहिलेला, इथल्या भाषा जाणणारा आणि रयतेत मिसळणारा अधिकारी होता. नळदुर्गला राहून त्याने जमिनीची मोजणी हाती घेतली, रस्ते आखले, कारभाराची घडी बसवली. आत्मचरित्रात या काळाबद्दल त्याने आपुलकीने लिहिले आहे. इंग्रजी अमलाचा सर्वांत सुसह्य चेहरा पाहायचा असेल तर तो टेलरचा. म्हणूनच त्याच्या मागे काय चालले होते, हे पाहणे गरजेचे आहे. १८५८ साली सर ह्यू रोजच्या सैन्याने झाशीला वेढा घातला, तात्या टोपे झाशीच्या मदतीला धावून आले आणि बेतवेच्या काठी त्यांचा पराभव झाला. रोजच्या या सैन्यात हैदराबाद कंटिन्जंटच्या तुकड्या होत्या. ज्या फौजेसाठी नळदुर्ग परगण्यातला शेतकरी सारा भरत होता, ती झाशीच्या राणीविरुद्ध लढत होती. त्या शेतकऱ्याला कोणी विचारले नव्हते, आणि विचारण्याची कुठे सोयही नव्हती.

सत्तावन्नच्या उठावात हैदराबाद इंग्रजांशी निष्ठावान राहिले. त्याचे बक्षीस म्हणून १८६० च्या तहाने नळदुर्ग आणि रायचूरचा मुलूख निजामाला परत मिळाला. वऱ्हाड मात्र परत मिळाले नाही. उलट वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्कही निजामाने सोडून दिला. १९०२ साली लॉर्ड कर्झनने वऱ्हाड वार्षिक २५ लाख रुपयांवर कायमच्या भाडेपट्ट्याने घेतले. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने १९२५ मध्ये ते परत मागितले, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग याने मार्च १९२६ च्या पत्रात त्याला स्पष्ट बजावले की ब्रिटिश राजसत्ता हिंदुस्थानात सर्वश्रेष्ठ आहे आणि कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करू शकत नाही. राखणदारासाठी दिलेली जमीन राखणदाराचीच झाली आणि त्याविरुद्ध दाद मागायची तीही त्याच्याचकडे, अशी ही व्यवस्था होती. दरम्यान जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गहून धाराशिवला गेले. धाराशिवला उस्मानाबाद हे नाव मिळाले आणि नळदुर्ग हमरस्त्यावरचे एक मोठे गाव होऊन राहिले.

१९४७ च्या भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्याने ब्रिटिशांची ही अधिसत्ता संपली. जूनमध्येच निजामाने जाहीर केले की हैदराबाद भारतात किंवा पाकिस्तानात सामील होणार नाही. संस्थानची लोकसंख्या १९४१ च्या गणनेत १ कोटी ६३ लाखांच्या आसपास होती. तिच्यात हिंदू बहुसंख्य होते, तर सत्ता, सैन्य आणि वरच्या नोकऱ्यांत मुसलमान सरदार व अधिकाऱ्यांचा वरचष्मा होता. तेलंगण, मराठवाडा आणि कन्नड जिल्हे मिळून झालेल्या या राज्यात लोकांना मताचा खरा अधिकार नव्हता आणि मातृभाषेतल्या शिक्षणाला आडकाठी होती. हैदराबाद स्टेट काँग्रेसची १९३८ साली स्थापना होण्याआधीच तिच्यावर बंदी आली होती. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली ७ ऑगस्ट १९४७ रोजी भारतात विलीन होण्याच्या मागणीसाठी सत्याग्रह सुरू झाला आणि १५ ऑगस्टला तिरंगा फडकवण्याच्या आधीच स्वामीजींना अटक झाली. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत आणि निजाम यांच्यात एका वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला, पण दोन्ही बाजू पहिल्या महिन्यापासून एकमेकांवर तो मोडल्याचा आरोप करू लागल्या.

संस्थानातला खरा जोर तेव्हा इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेच्या हातात गेला होता. तिचा अध्यक्ष कासिम रझवी हा लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. त्याच्या नेतृत्वाखालची रझाकारांची खासगी फौज निजामाच्या पोलिसांच्या आश्रयाने वावरे. गावे लुटणे, घरे जाळणे, खंडणी आणि खून यांनी सीमेवरचा मुलूख हवालदिल झाला. उस्मानाबाद जिल्ह्यातली हजारो कुटुंबे बार्शी आणि सोलापूरकडे निघून गेली. फुलचंद गांधी यांच्यासारखे जिल्ह्यातले पुढारी बाहेर राहून लढा चालवत होते. सीमेवरच्या कॅम्पांतून तरुण आत शिरत, करोडगिरीची म्हणजे जकातीची नाकी आणि पोलीस ठाणी मोडत. रझाकारांचा जाच फक्त हिंदूंना होता असेही नाही. विलीनीकरणाच्या बाजूने लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादच्या रस्त्यावर निर्घृण खून झाला.

सरहद्द इथे सरळ रेषेत नव्हतीच. मुंबई इलाख्याची गावे आणि निजामाची गावे एकमेकांत गुंतलेली होती. सोलापूर-बार्शी रस्ता निजामाच्या हद्दीतल्या नान्नज गावातून जात असे. जुलै १९४८ मध्ये तिथे भारतीय तुकडीवर गोळीबार झाला आणि भारतीय सैन्याने गाव ताब्यात घेतले. हैदराबाद सरकारने याला आक्रमण म्हटले. प्रवासी म्हणून रस्त्यावरून जाण्याचा हक्क कुठे संपतो आणि आक्रमण कुठे सुरू होते, हा पेच सीमेवरच्या अशा एकेका गावाने दिल्लीपुढे टाकला होता.

अखेर दिल्लीने निर्णय घेतला. दक्षिण विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल महाराज राजेंद्रसिंहजी यांच्याकडे मोहिमेची सूत्रे होती. सोलापूरकडून येणाऱ्या मुख्य फौजेचे नेतृत्व मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्याकडे होते. या फौजेचे स्ट्राइक फोर्स, स्मॅश फोर्स, किल फोर्स आणि वीर फोर्स असे भाग केलेले होते. विजयवाड्याकडून दुसरी मोठी फौज निघणार होती आणि इतर बाजूंनी लहान तुकड्या. समोर जनरल अल इद्रूस यांचे सुमारे २२ हजारांचे सैन्य आणि त्याशिवाय रझाकार होते.

सोलापूरहून येणाऱ्या रणगाड्यांना बोरी नदी ओलांडावी लागे आणि त्यासाठी नळदुर्गचा पूल शाबूत हाती येणे आवश्यक होते. सप्टेंबर म्हणजे भरल्या नद्यांचा महिना. पूल उडवला गेला असता तर हैदराबादचा रस्ता कित्येक दिवस अडला असता. म्हणून सातव्या ब्रिगेडने अंधारातच हल्ला केला. दुसऱ्या शीख पलटणीने अचानक झडप घालून पूल ताब्यात घेतला. पहिल्या हैदराबाद इन्फंट्रीशी नळदुर्गला चकमक झाली, पण किल्ला आणि पूल दोन्ही पडले. पुढच्या तुकड्या रस्त्याने सरळ सुटल्या. सकाळी नऊच्या सुमारास त्या जळकोटला होत्या आणि दुपारी तीननंतर उमरग्याला. दुसऱ्या एका तुकडीने तुळजापूर गाठले. तिथे निजामाच्या सैनिकांनी आणि सुमारे २०० रझाकारांनी दोन तास झुंज दिली. तिथून लोहाऱ्याकडे निघालेल्या सैन्याला मात्र नदीच्या पुराने थांबवले. नळदुर्गला पूल हाती आला नसता तर मुख्य फौजेचेही हेच झाले असते.

पुढची लढाई लवकर आटोपली. राजेश्वर, हुमनाबाद, जहिराबाद अशी ठाणी एकामागून एक घेतली गेली. १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली आणि १८ तारखेला जनरल अल इद्रूस चौधरींना शरण आले. नळदुर्गपासून शरणागतीपर्यंत जेमतेम पाच-सहा दिवस लागले.

त्याच आठवड्यात पॅरिसमध्ये हा प्रश्न जगापुढे गेला. हैदराबादने २१ ऑगस्टलाच सुरक्षा परिषदेकडे तक्रार नोंदवली होती. ही परिषद ज्या कल्पनेतून उभी राहिली, तीच मुळी जगाच्या पोलिसांची होती. थिओडोर रूझवेल्टने १९०४ साली अमेरिका खंडापुरता हा अधिकार अमेरिकेसाठी सांगितला होता. दुसऱ्या महायुद्धात फ्रँकलिन रूझवेल्टने अमेरिका, ब्रिटन, रशिया आणि चीन या चार राष्ट्रांनी जगाची पोलिसी करावी असा विचार मांडला. फ्रान्स धरून हेच पुढे परिषदेचे कायम सभासद झाले. १६ सप्टेंबरला परिषदेने आठ विरुद्ध शून्य मतांनी हैदराबादचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेतला. चीन, रशिया आणि युक्रेन तटस्थ राहिले. हैदराबादतर्फे मोईन नवाज जंग आणि भारतातर्फे रामस्वामी मुदलियार बोलले. हैदराबाद हे स्वतंत्र राष्ट्रच नाही, त्यामुळे परिषदेला अधिकार पोहोचत नाही, ही भारताची भूमिका होती. परिषद पुन्हा भरेपर्यंत लढाई संपली होती आणि २२ तारखेला निजामाने तक्रार मागे घेतल्याची तार केली. मे १९४९ पर्यंत विषय अधूनमधून चर्चेला येत राहिला, ठराव कधीच झाला नाही.

भारताला तेव्हा अडचणीत टाकणारी आणखी एक गोष्ट होती. जुलै १९४७ मध्ये डचांनी इंडोनेशियाच्या प्रजासत्ताकावर सैन्य धाडले होते आणि त्यालाही पोलीस कारवाईच म्हटले होते. त्याविरुद्ध सुरक्षा परिषदेत तक्रार नेणाऱ्यांत भारत पुढे होता. डचांनी डिसेंबर १९४८ मध्ये दुसरा हल्ला केला, तेव्हा नेहरूंनी जानेवारी १९४९ मध्ये आशियाई देशांची परिषद दिल्लीत बोलावली. हैदराबादच्या मोहिमेला तेव्हा चार महिने झाले होते. दोन्ही घटना एकाच मापाने मोजाव्यात असे म्हणणारे त्या काळी होते. पण त्यांचे म्हणणे टिकत नाही. इंडोनेशियात डच परतत होते ते ज्यांना ते नको होते अशा लोकांवर राज्य करण्यासाठी. नळदुर्गला आलेल्या सैन्याची मागणी संस्थानातल्या लोकांनी सत्याग्रह करून, तुरुंगात जाऊन आणि जीव देऊन केली होती. १८५३ शी तुलना केली तर फरक आणखी ठळक होतो. या वेळी फौजेच्या खर्चापोटी कोणताही जिल्हा गहाण पडला नाही. शरणागतीनंतर आलेली चौधरींची लष्करी राजवट १९४९ अखेर संपली. त्याच वर्षी जहागिरी रद्द झाल्या, १९५० मध्ये कुळकायदा आला. १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत नळदुर्ग-उमरग्याच्या शेतकऱ्याने मत दिले आणि बुर्गुला रामकृष्णराव यांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले. निजाम तोवर राजप्रमुख म्हणून नामधारी उरला होता. एवढ्या कसोट्यांवर ही कारवाई न्याय्य ठरते, आणि तसे निःसंकोच म्हणता येते.

पण इथे थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. रझाकारांची सत्ता कोसळली त्या क्षणापासून काही आठवडे मराठवाडा आणि कन्नड जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. ज्यांचा रझाकारांशी काडीचाही संबंध नव्हता असे विणकर, शेतमजूर आणि दुकानदार त्यात मारले गेले. विहिरींत प्रेते पडली, बायकांवर अत्याचार झाले, घरे आणि जमिनी बळकावल्या गेल्या. तक्रारी वाढल्या तेव्हा नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना सद्भावना मंडळ घेऊन पाठवले. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये या मंडळाने १६ पैकी ९ जिल्हे पाहिले. कारवाईच्या वेळी आणि नंतर संपूर्ण संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा त्यांचा अंदाज होता. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होता. बाकीचे तीन गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. या चार जिल्ह्यांतला आकडा त्यांनी किमान १८ हजार सांगितला. काही ठिकाणी सैन्यातल्या आणि पोलिसांतल्या लोकांनी लुटीला उत्तेजन दिले, तर काही ठिकाणी अधिकाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमानांना वाचवले, असे दोन्ही मंडळाच्या अहवालात नोंदलेले आहे. हिंदू शेजाऱ्यांनी आसरा दिल्याच्या हकीकतीही त्यात आहेत. सरदार पटेलांना हा अहवाल एकांगी वाटला. तो प्रसिद्ध झाला नाही आणि संपूर्ण स्वरूपात लोकांसमोर यायला कित्येक दशके जावी लागली.

या आकड्यांवर वाद होऊ शकतो, हत्या झाल्या यावर नाही. लष्करी योजनेत पूल, रस्ते, विमाने आणि दारूगोळा यांचा बारकाईने विचार झाला होता. नळदुर्गचा पूल किती मिनिटांत घ्यायचा याची तयारी होती, पण पूल ओलांडून पुढे गेल्यावर मागे उरलेल्या गावांत रात्री पहारा कोण देणार याची तशी तयारी नव्हती. जुनी राजवट मोडल्यावर तिची पोलीस ठाणीही ओस पडतात. जी सत्ता ती मोडते तिच्यावरच त्या रात्रीची जबाबदारी येते, आणि या कामात भारत सरकार कमी पडले. रझाकारांनी आधी केलेले अत्याचार खरे होते. त्या अत्याचारांनी पुढच्या कत्तली समजतात, पण क्षम्य ठरत नाहीत.

हैदराबादनंतर पावणेदोन वर्षांनी, जून १९५० मध्ये, अध्यक्ष ट्रुमन यांनी कोरियात सैन्य पाठवताना एका वार्ताहराने सुचवलेला पोलीस कारवाई हा शब्दप्रयोग मान्य केला. ते युद्ध तीन वर्षे चालले आणि कोरिया आजही दुभंगलेला आहे. हैदराबादचे तसे झाले नाही. १९५६ मध्ये संस्थानच भाषावार विभागले गेले, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. या यशामुळेच दुसरी बाजू सांगणे अवघड वाटता कामा नये.

१७ सप्टेंबरला दरवर्षी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची झेंडावंदने होतात, हुतात्म्यांची नावे वाचली जातात. ती वाचली गेलीच पाहिजेत. नळदुर्गच्या जिल्ह्यात ॲक्शननंतर मारल्या गेलेल्यांची गावनिहाय नोंद मात्र आजवर नीट झालेली नाही. ज्यांनी हे दिवस लहानपणी पाहिले, ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. नळदुर्ग, उमरगा, लोहारा, तुळजापूर आणि लातूर या परिसरातल्या शाळा, महाविद्यालये आणि वाचनालयांनी रझाकारांच्या काळातले मृत आणि त्यानंतरचे मृत अशी दोन्हींची नोंद या हयात साक्षीदारांकडून आताच करून घ्यावी.